पाव पाव मिलिमीटर

गुरुवार, निघण्याआधी

फाइल पुन्हा लावून ठेवली. दोन्ही पायांचे कमरेपासून घोट्यापर्यंत उभ्याने काढलेले एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि या सगळ्याचं तिकडच्या भाषेतलं भाषांतर. एक्स-रेच्या फाइली पेनड्राइव्हवर वेगळ्या घेतल्या, कारण मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून हाडाचं मोजमाप होत नाही.

माझा डावा पाय उजव्यापेक्षा चार सेंटिमीटर आखूड आहे. लहानपणी नडगीच्या वरच्या टोकाला, जिथून हाड वाढतं त्या ग्रोथ प्लेटला इजा झाली आणि तिथली वाढ थांबली. दुसरा पाय वाढत राहिला. इतकी वर्षं बुटाला उंच तळ लावून चालले. आता कंबर दुखते आणि पाठही. म्हणून हा पाय लांब करण्याचं ऑपरेशन करून घ्यायला परदेशात निघालेय.

परदेशातच का, हे सगळ्यांनी विचारलं. पहिल्या व्हिडिओ कॉलवर सर्जननी ऑपरेशनबद्दल थोडक्यात सांगितलं आणि नंतरच्या महिन्यांबद्दल पुष्कळ बोलत राहिले. फिजिओ कोण करणार, सोबत कोण राहणार, घरात किती पायऱ्या आहेत, सिगारेट ओढता का. निकोटीनने नवं हाड नीट धरत नाही, म्हणून तो प्रश्न दोनदा विचारला. त्या कॉलनंतर माझ्या मनात दुसरं नाव आलंच नाही.

दादा सोबत येतोय. त्याने रजा कशी मिळवली ते तो सांगत नाही.

मंगळवार, ऑपरेशन झाल्यावर

पायाभोवती रिंगा आहेत आणि त्यातून तारा व पिना हाडात गेल्यात. नडगीचं हाड वरच्या बाजूला कापलंय, शेजारचं बारीक हाडही कापलंय. नुसती नडगी कापली असती तर ते बारीक हाड तिला ताणूच देणार नव्हतं.

अजून ताण द्यायला सुरुवात नाही. साधारण आठवडाभर तसंच थांबायचं, म्हणजे कापलेल्या जागी हाड जुळवण्याचं शरीराचं काम सुरू होतं. ते सुरू झालं की दोन्ही टोकं हळूहळू लांब न्यायची. जुळू पाहणारं हाड त्या फटीत नवं हाड घालत जातं. मी हे वाचलं होतं, चित्रंही पाहिली होती. तरी स्वतःच्या पायात हे घडणार म्हटल्यावर अंगावर काटा आला.

आज वॉकर धरून उभी राहिले. पायावर थोडं वजन घ्यायचंच आहे, त्याने हाडाला मदत होते. शेजारच्या खोलीतल्या मुलाच्या मांडीच्या हाडात मात्र आतून नेल, म्हणजे धातूची सळई, घातलीय, बाहेरून चुंबकाचं यंत्र लावलं की ती लांबते. त्याच्या कातडीवर एकही पिन नाही, पण ती नेल पूर्ण वजन पेलत नाही म्हणून त्याला अजून व्हीलचेअर.

सोमवार

हाडाची टोकं लांब नेण्यासाठी रिंगांवरचे नट फिरवायला लागलो. दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नाही. पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. दादाने मोबाइलवर चार गजर लावलेत आणि भिंतीवर तक्ता. पाना माझ्या हातात, तो मोठ्याने कोणता नट ते वाचतो, मी फिरवते, तो खूण करतो.

फिरवताना दुखत नाही. हे कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. दुखणं येतं ते नंतर, रात्री, पोटरीत.

तो वेग फार मोलाचा आहे. जास्त घाई केली तर फटीत हाड धरत नाही आणि नसा ताणल्या जातात. फार रेंगाळलं तर हाड वेळेआधीच पक्कं होतं आणि पुन्हा कापावं लागतं. सोव्हिएत सर्जन गाव्रिइल इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून सायबेरियातल्या कुर्गानला हे काम केलं आणि एक मिलिमीटरचा हा हिशेब प्रयोग करून पक्का केला. 1980 साली कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक मोडून नीट न जुळलेला पाय घेऊन त्यांच्याकडे गेला आणि बरा होऊन परतला. त्याला पाहून इटलीतल्या डॉक्टरांनी 1981 मध्ये इलिझारोव्हांना बोलावलं. पश्चिमेकडे ही पद्धत पसरली ती तिथून. झोप येत नाही तेव्हा मी माउरीचा विचार करते. भाषा येत नसलेल्या देशात, अशाच रिंगा घालून, तोही असाच पडून राहिला असेल.

शुक्रवार

हाड ऐकतं. पोटरी ऐकत नाही.

आतापर्यंत जे शिकले त्यातलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हाड लांब होतं तशी स्नायूंनी, नसांनी, रक्तवाहिन्यांनीही लांब व्हायला हवं, आणि स्नायू मागे राहतात. पोटरी ओढून धरते आणि पाऊल खाली वळायला लागतं, टाच टेकत नाही. गुडघा वाकलेलाच राहू पाहतो. म्हणून इथल्या फिजिओताईंचा नियम: गुडघ्याखाली उशी कधीही नाही. कितीही बरं वाटलं तरी नाही. उशी घ्यायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा सरळ राहील. पाऊल काटकोनात धरायला रिंगांना एक पट्टीही जोडलीय.

त्या रोज येतात. पट्टा तळव्याला लावून पाऊल स्वतःकडे ओढायचं आणि धरून ठेवायचं. मी रडते. त्या थांबतात, पाणी देतात आणि पुन्हा सुरू करतात. मला त्यांचं हे वागणं आवडतं.

संध्याकाळी दादा म्हणाला, "तू आज रडायच्या आधीच पट्टा घेतलास."

बुधवार

पायाचा अंगठा बधिर. सकाळी मुंग्या होत्या, दुपारी अंगठा वर उचलताना जोर कमी वाटला. लगेच सांगितलं. सर्जननी स्वतः येऊन तपासलं, अंगठा वर ओढायला लावला, दोन्ही पायांची तुलना केली. नस ताणली जातेय. आता चारऐवजी तीनदाच फिरवायचं, आणि परवा पुन्हा दाखवायचं.

एवढंच झालं. पण हे घरी झालं असतं तर? मी फोन केला असता, त्यांनी अंगठा हलवून दाखव म्हटलं असतं, कॅमेऱ्यात ते किती कळलं असतं? जवळचे डॉक्टर कितीही चांगले असले तरी हाड त्यांनी कापलेलं नाही, वेग त्यांनी ठरवलेला नाही. दुसऱ्याच्या चालू कामात हात घालायला कुठलाही विचारी सर्जन कचरतो, आणि ते बरोबरच आहे.

शेजारच्या मुलाला एका एजंटने सांगितलंय की तीन आठवड्यांत घरी जा, बाकीचं तिथून होईल. तो उंची वाढवायला आलाय, दोन्ही पाय. त्याला ती उंची का हवी ते त्याने मला सांगितलं आणि मला ते कळलं, त्यावर मी मत देणार नाही. पण त्या एजंटचा मला मनापासून राग येतो. दर थोड्या दिवसांनी एक्स-रे बघून वेग ठरवावा लागतो. ताण देण्याचा काळ संपेपर्यंत जिथे ऑपरेशन झालं तिथेच राहावं असं माझं ठाम मत झालंय. त्यासाठी व्हिसा लांबवावा लागला, पैसे जास्त गेले, तरी. पैसे पुरत नसतील तर ऑपरेशन पुढे ढकलावं, राहण्याचे दिवस कापू नयेत.

मी त्याला हे सगळं सांगितलं. तो गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, आईशी बोलतो.

रविवार

एका पिनेभोवती लाल झालंय आणि पाणी येतंय. असं बहुतेकांना कधी ना कधी होतंच. सलाइनने साफ करणं दिवसातून दोनदा, गोळ्या सुरू. दुखण्यासाठीच्या ठरावीक गोळ्या मात्र इथे देत नाहीत, सूज उतरवणाऱ्या औषधांनी हाड धरायला उशीर होऊ शकतो म्हणून.

अंगठा आज पुष्कळ बरा. वर येतोय.

एक्स-रेही झाला. फटीत धुक्यासारखं पांढरं दिसतंय. सर्जननी बोट ठेवून सांगितलं, हे तुझं नवीन हाड. मी दादाला फोटो काढायला लावला आणि आईला पाठवला. आईने फक्त "किती गं सुंदर" एवढंच लिहिलं.

शनिवार, परतीचा प्रवास

चार सेंटिमीटर पुरे झाले. नट थांबवले आणि लॉक केले.

विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आधीच भरून पाठवला होता. बाजूची, पुढे जागा असलेली सीट, व्हीलचेअर, पायात धातू असल्याचं पत्र. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून प्रवासाआधी इंजेक्शन. पाना सोबत ठेवायची परवानगी विचारून घ्यावी लागली. पूर्ण प्रवासभर दादा मला दर तासाला पावलं हलवायला लावत होता, शेवटी शेजारच्या आजीही मला आठवण करून द्यायला लागल्या.

सोमवार, घरी

लोकांना वाटतं झालं, आली. ज्या काळाबद्दल कोणी बोलत नाही तो आता सुरू आहे. ताणलेलं हाड अजून मऊ आहे, ते पक्कं व्हायला ताणण्याच्या काळापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. मोठ्या माणसाच्या नडगीला दर सेंटिमीटरमागे महिना ते दीड महिना धरायचा. नवं काही घडत नाही. चालायचं, पट्टा ओढायचा, पिना साफ करायच्या, झोपायचं. ऑपरेशनच्या दिवशीपेक्षा या काळात मला जास्त एकटं वाटतं. तिथे बोळभर माझ्यासारखे लोक होते.

शेजारच्या मुलाचा मेसेज आला. तो अजून तिथेच आहे. दुसऱ्या पायाची टाच टेकायला लागली म्हणाला.

रिंगा काढण्याआधी एक्स-रेत हाडाच्या चारपैकी तीन बाजूंना पक्की कड दिसायला हवी. माझ्या दोन दिसतात. काढल्यावरही नवं हाड मोडण्याची भीती काही काळ असते, म्हणून घाई नको असं सर्जननी पुन्हा लिहिलंय. काढायलाही मी तिकडेच जाणार आहे. दादाला विचारलं तर म्हणाला, "तू तारीख घे, रजेचं मी बघतो." उद्या पुढचा एक्स-रे पाठवायचा आहे.