आधी बॅटरीची जागा सांगा!

क्रूझर मोटरसायकल बाजूने पाहिली की सीटखाली, इंजिनाच्या मागे एक त्रिकोण असतो. कंपनीतून येणाऱ्या गाडीत तो ठासून भरलेला असतो: एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा), बॅटरी, फ्यूज, रिले आणि वर सगळं झाकायला क्रोमची झाकणं. मला त्या त्रिकोणातून पलीकडची भिंत दिसायला हवी होती. एवढीच हौस. ती फिटली, पण तिच्यापायी एका फॅब्रिकेटरकडे, म्हणजे पत्रा कापून वेल्डिंग करणाऱ्याकडे, जे हेलपाटे घातले त्याचा राग अजून उतरलेला नाही.

बाकीची कामं पटापट झाली. मागचं मडगार्ड आखूड केलं, पिलियन सीट काढून सोलो सीट बसवली, हँडल सपाट घेतलं. एअर बॉक्स काढून दोन्ही कार्ब्युरेटरना वेगळे फिल्टर लावले. त्यानंतर जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट बदलणं, करावंच लागतं, नाहीतर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. तेही झालं.

अडलं ते बॅटरीपाशी. वस्तू काढणं सोपं असतं. काढलेली वस्तू ठेवायची कुठे, यातच खरं काम आहे. 1930-40च्या दशकांत अमेरिकेत लोक पुढचं मडगार्ड काढून आणि मागचं कापून गाड्या हलक्या करत, त्यांच्याकडे लपवायला होतंच काय? मूठभर वायरी. पुढे 1984च्या हार्ले सॉफ्टेलमध्ये मागचे शॉक ॲब्सॉर्बर दिसू नयेत म्हणून ते गिअरबॉक्सखाली आडवे घातले. म्हणजे कंपनीलाही आधी जागा शोधावी लागली.

माझी जागा ठरली होती: स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरून खाली-वर हलणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटखाली, म्हणजे तो जिथे फ्रेमला जोडलेला असतो त्याच्या खाली, फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये एक पत्र्याची पेटी. लिथियम बॅटरी आकाराने फारच लहान मिळते, पण तिला चार्जिंगचं व्होल्टेज काटेकोर लागतं आणि माझा रेग्युलेटर जुना. म्हणून एजीएम घेतली, म्हणजे ॲसिड आतच शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी. ती आडवी झोपवली तरी चालते, त्यामुळे पेटी बसकी करता येते. पाण्याची साधी बॅटरी अशी झोपवू नका, ॲसिड बाहेर येईल.

फॅब्रिकेटरने गाडी साइड स्टँडवर असतानाच माप घेतलं. मी म्हटलं, "चाक खाली-वर करून बघा ना." तो म्हणाला, "अहो साहेब, रोजची कामं आहेत ही." पेटी झाली, रंगही झाला. मी गाडी जॅकवर घेतली, मागचं चाक लोंबकळलं आणि स्विंगआर्मची आडवी नळी थेट पेटीच्या झाकणावर येऊन टेकली. आत बॅटरी असती तर पॉझिटिव्ह टर्मिनल लोखंडाला लागून ठिणग्याच उडाल्या असत्या. हे दाखवलं तर म्हणे, "रस्त्यावर कुठे चाक लोंबकळतं?" खड्ड्यावरून गाडी उडते तेव्हा काय होतं, हे मी गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला समजावत होतो!

मग सुरू झालं "पुढच्या आठवड्यात या". गेलो की वेल्डिंगवाला पोरगा गावाला गेलेला. पुन्हा गेलो तर पत्रा संपलेला. फोन केला की "तुमचंच हातात घेतलंय," आणि जाऊन बघावं तर माझी पेटी बाकाखाली, तिच्यात कोणाचे तरी नटबोल्ट भरून ठेवलेले. तोवर गाडी घरी मागच्या सीटशिवाय, बॅटरीशिवाय उभी. येणारा-जाणारा विचारतो, "चोरीला गेली का हो बॅटरी?"

शेवटी पुठ्ठ्याची पेटी मीच केली. दोन्ही शॉक काढले, चाक पार खाली सोडलं आणि झाकणाच्या जागी मुलांची खेळायची माती लावून किती दबते ते पाहिलं. मग चाक वर, बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त जाईल तिथवर. स्विंगआर्म पेटीपासून दूर जातो, पण गाडी बसते आणि पेटी जमिनीच्या जवळ येते, तेव्हा तेही अंतर मोजलं. पुठ्ठ्यावर मापं लिहून त्याच्यासमोर ठेवली आणि पत्रा कापेपर्यंत तिथून हललो नाही. काम दुपारीच संपलं. इतके दिवस काय चाललं होतं, देव जाणे. पेटी बसली आणि त्रिकोणातून भिंत दिसली तेव्हा मात्र मी गाडीभोवती लहान पोरासारख्या फेऱ्या मारल्या.

शॉक काढलेलेच असतात तेव्हा मडगार्डही तपासून घ्या. चाक पूर्ण वर आलं की टायर आत घासतो का ते तेव्हाच कळतं. मुख्य फ्यूज आणि सोलेनॉइड (स्टार्टरला वीज सोडणारा स्विच) बॅटरीजवळच ठेवा. स्टार्टरची केबल लांबवावी लागली तर जाड घ्या. अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून काढा, पावडर कोटिंगवर अर्थ मिळत नाही. रेग्युलेटर लपवायच्या नादात बंद जागी कोंबू नका, त्याला वारा लागतो. माझा पुढच्या नळीवर आहे, दिसतो, दिसू दे.

हँडलमधून वायरी ओढल्या असतील तर इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. इंजिन अडखळलं तर वायर कुठेतरी चिमटते आहे. एलईडी इंडिकेटर भरभर लुकलुकायला लागले तर घाबरू नका, फ्लॅशर रिले बदलावा लागतो. आणि हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: वायरिंगची सॉकेटं सोडवण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा आणि त्यावर चिकटपट्टीने नाव लावा.

ती काढलेली क्रोमची झाकणंही फेकू नका. गाडी विकायला काढलीत की गिऱ्हाईक आधी तीच मागतं.