ऐकू येते, पण कळत नाही

कान तपासून घ्या असे सुचवले की ज्येष्ठ मंडळींकडून बहुधा एकच उत्तर मिळते: ‘मला व्यवस्थित ऐकू येते, हल्ली लोकच पुटपुटत बोलतात.’ माझे वडीलही हेच म्हणत असत. हे उत्तर हट्टातून येते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते त्या माणसाच्या अनुभवाचे अगदी प्रामाणिक वर्णन असते. वयामुळे किंवा गोंगाटामुळे कान कमजोर होतात तेव्हा सगळे आवाज सारखेच कमी होत नाहीत. आधी जातात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज. बोलण्यातला दणकटपणा स्वरांमध्ये असतो आणि ते खालच्या पट्टीत असतात. स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांतला फुत्कार मात्र वरच्या पट्टीत आणि मुळातच क्षीण असतो. त्यामुळे समोरचा माणूस बोलतो आहे हे नीट कळते, त्याचा आवाजही ओळखू येतो, पण त्याने ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ हे कळत नाही. मग संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो, आणि दिवसभर असे अंदाज बांधून माणूस थकतो.

वडिलांची ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, झाली तेव्हा काचेपलीकडून मला हे डोळ्यांनी पाहता आले. बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा खोलीत, हेडफोन लावून, हातात एक बटण घेऊन ते बसले होते. सूर ऐकू आला की बटण दाबायचे, एवढेच काम. खालच्या पट्टीतल्या सुरांना त्यांनी लगेच दाद दिली. चार हजार हर्ट्झचा, म्हणजे वरच्या पट्टीतला, सूर आला तेव्हा चाचणी घेणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट तो पाच-पाच डेसिबलने वाढवत होत्या आणि वडिलांचा अंगठा बटणावर स्थिर होता. नंतर हातात आलेल्या ऑडिओग्रामवर, म्हणजे चाचणीच्या आलेखावर, उजव्या कानाची लाल वर्तुळे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या एक हजार हर्ट्झपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत होत्या आणि तिथून पुढे उतरत गेल्या होत्या. ‘ऐकू येते’ आणि ‘कळत नाही’ ही दोन्ही विधाने एकाच कागदावर शेजारीशेजारी होती.

असे का होते हे समजण्यासाठी कानाची रचना थोडक्यात पाहायला हवी. आवाजाने कानाचा पडदा हलतो, त्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे ते कंपन पुढे सरकवतात आणि शंखासारख्या वळलेल्या, द्रवाने भरलेल्या कॉक्लियात ते पोहोचते. तिथे प्रत्येक कानात जन्मतः सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि सुमारे बारा हजार बाहेरच्या केशपेशी असतात. आतल्या पेशी कंपनाचे विद्युतसंकेतात रूपांतर करून ते मेंदूकडे पाठवतात. बाहेरच्या पेशी हळू आवाज वाढवून आतल्या पेशींपर्यंत पोहोचवतात. वरच्या पट्टीतले आवाज कॉक्लियाच्या तोंडाशीच टिपले जातात आणि झीज सुरू होते तीही बहुधा तिथूनच. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या तयार होतात, हे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसून आले. माणसाच्या कॉक्लियात तसे होत नाही. जी गेली ती गेली.

बाहेरच्या पेशी गेल्यावर आणखी एक गोष्ट घडते, जिच्यामुळे घराघरांत विनाकारण कटुता येते. हळू आवाज ऐकूच येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे लागतात. म्हणजे ऐकू येण्याची सुरुवात आणि असह्य होण्याची मर्यादा यांमधले अंतर आक्रसते. ‘जरा मोठ्याने बोल’ आणि पाठोपाठ ‘ओरडतोस कशाला’ ही दोन वाक्ये एकाच तोंडून निघतात, आणि ती दोन्ही खरी असतात. शिवाय ओरडल्याने स्वर तेवढे वाढतात. हरवलेली व्यंजने परत येत नाहीत आणि ओठांची ठेवण मात्र बिघडते. त्यापेक्षा समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहून, आधी हाक मारून, टीव्ही बंद करून नेहमीच्या आवाजात सावकाश बोलणे कितीतरी उपयोगी पडते. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. ‘जाऊ दे, काही नाही’ असे म्हणून विषय सोडून देणे मला सर्वांत वाईट वाटते. त्यातून माणूस हळूहळू संभाषणातूनच बाहेर पडतो.

वय थांबवता येत नाही, गोंगाट मात्र पुष्कळ प्रमाणात टाळता येतो. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा आहे. डेसिबलचे माप सरळ चढत नाही. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते. 88 डेसिबलला चार तास, तर 100 डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. इयरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांकरिता आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास हे प्रमाण धरले आहे. आवाज 90 डेसिबलवर नेला की आठवड्याचा तोच वाटा चार तासांत संपतो. 12 ते 35 या वयोगटातील एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला अशा ऐकण्याच्या सवयींमुळे धोका आहे, असे याच संघटनेचे म्हणणे आहे.

एखाद्या दणदणाटी कार्यक्रमानंतर कानात दडे बसतात, गुणगुण ऐकू येते आणि सकाळपर्यंत सगळे पूर्ववत होते, म्हणून आपण निर्धास्त होतो. ही निर्धास्ती फसवी आहे. 2009 साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की तात्पुरत्या बधिरपणानंतर श्रवणपातळी पूर्ण सावरली तरी केशपेशी आणि मज्जातंतू यांमधले असंख्य सांधे कायमचे तुटलेले असतात. असे नुकसान साध्या ऑडिओग्राममध्ये दिसत नाही. माणसात ते नेमके किती होते यावर संशोधन चालू आहे, परंतु कान वाजू लागणे हा इशाराच समजावा. ध्वनिवर्धकापासून लांब उभे राहावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने कमी होतो. कापसाचा बोळा फारसा उपयोगाचा नाही. फोमचे इयरप्लग उपयोगी आहेत, पण ते बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून, आत फुगेपर्यंत धरून ठेवले तरच. नुसते तोंडाशी खोचलेले प्लग केवळ समाधान देतात.

सगळाच बहिरेपणा असा कायमचा नसतो, हेही सांगायला हवे. बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असेल तर बहुधा इलाज होतो. मळ साचलेला असतो, आणि काडीने कोरून तो पुष्कळदा आणखी आत ढकललेला असतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. लहान मुलांच्या पडद्यामागे पाणी साचते. काही तरुण माणसांत रिकीब हे हाड घट्ट बसते, त्यावर त्याच्या जागी सूक्ष्म कृत्रिम तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया 1956 पासून होत आली आहे. दोष वहनातला आहे की मज्जातंतूंकडचा, याचा पहिला अंदाज तज्ज्ञ नुसत्या नादकाट्यावरूनही (ट्यूनिंग फोर्क) बांधू शकतात.

एका बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नये. रात्री ठणठणीत झोपलेल्या माणसाला सकाळी एका कानाने अचानक ऐकू येईनासे होते, किंवा दोन-तीन दिवसांत ते झपाट्याने घटते. सर्दीने कान बंद झाला असेल असे समजून लोक वाट पाहतात. हा आंतरकर्णाचा आकस्मिक बधिरपणा असू शकतो. त्यावर दिली जाणारी स्टेरॉइडची औषधे लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू केली तरच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी प्रतिजैविके आणि कर्करोगावरील सिसप्लॅटिन यांनीही केशपेशींना इजा होते. ही औषधे अनेकदा जीव वाचवणारी असतात, म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. पण उपचारांदरम्यान श्रवणचाचणी करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जवळजवळ 60 टक्के श्रवणदोष टाळता येण्यासारख्या कारणांमुळे होतात. रुबेला, गोवर, गालगुंड आणि मेंदूज्वर यांवरील लसी म्हणजे कानांचेही संरक्षण. निरोगी कान स्वतःच अतिशय क्षीण ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवले आणि त्यामुळे झोपलेल्या नवजात बाळाचीही चाचणी काही मिनिटांत होऊ लागली. महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, हे वेळापत्रक पाळले तर भाषा शिकण्याचे पहिले महिने वाया जात नाहीत. तीव्र बधिरपणात कॉक्लियर इम्प्लांट हे शस्त्रक्रियेने बसवलेले उपकरण थेट मज्जातंतूला संकेत देते. ओटीओएफ या जनुकातील दोषामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या काही मुलांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागल्याचे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. वाचताना मला फार आनंद झाला, परंतु वयोपरत्वे होणाऱ्या झिजेवर तो उपाय नव्हे.

त्या झिजेवर आज हाती असलेला मुख्य उपाय श्रवणयंत्र हाच आहे, आणि ज्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो त्यांपैकी फारच थोडे लोक ते वापरतात. चष्मा लागला तर कोणी लपवत नाही, कानाचे मशीन मात्र म्हाताऱ्याचे लक्षण ठरते. या संकोचापायी वर्षे जातात आणि तेवढा काळ मेंदूला अपुरे शब्द मिळत राहतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 70 ते 84 वयाच्या व्यक्तींवरील तीन वर्षांच्या अमेरिकन अभ्यासात संपूर्ण गटात श्रवणोपचारांचा बुद्धीवर लक्षणीय परिणाम दिसला नाही; ज्यांना स्मृतिऱ्हासाचा धोका मुळातच अधिक होता त्यांच्यात मात्र ऱ्हासाचा वेग 48 टक्क्यांनी कमी आढळला. दाव्यांच्या गर्दीत हा फरक लक्षात ठेवावा असे मला वाटते.

यंत्र ऑडिओग्रामनुसार जुळवलेले हवे, नुसता आवाज वाढवणारे नको. बारीक नळी कानात घालून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजण्याची सोय असेल तर ते मोजून घ्यावे. दोन्ही कान कमजोर असतील तर यंत्रेही बहुधा दोन लागतात, कारण आवाज कोठून आला हे मेंदू दोन कानांच्या तुलनेवरूनच ठरवतो. पहिले काही आठवडे भांड्यांचा, कागदाचा, स्वतःच्या पावलांचा आवाज नकोसा होतो; वडिलांनी या काळात दोनदा यंत्र काढून ठेवले होते. शांत खोलीत एका माणसाशी बोलण्यापासून सुरुवात करून रोज थोडा वेळ वाढवत नेला आणि मधे एकदा जुळवणी सौम्य करून घेतली, तेव्हा ते रुळले. जागेपणी बहुतेक वेळ यंत्र कानात असेल तरच मेंदूला सवय होते. ऑडिओग्राम दर वर्षी पुन्हा काढून जुळवणी बदलावी लागते, कारण यंत्र वापरले तरी कानाची झीज चालूच राहते.