बाबांची पेटी आणि समोरच्या घरातला मुलगा

दत्तजयंती, रात्री साडेअकरा

पाय ठणकताहेत, सुंठवडा अजून अर्धा डबा उरलाय. पण आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

दिवेलागणीला जन्म झाला, पाळणा झाला आणि मग दरवर्षीचं 'म्हणा की कुणीतरी काहीतरी!' ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या वाड्यात हे वाक्य निघालं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. माझ्या आवाजासाठी नव्हे, बाबांच्या पेटीसाठी. मी दोन अभंग म्हटले. दुसऱ्यात दम पुरला नाही, म्हणून पेटी पुढे सरकवली, तर समोरच्या घरातल्या मुलाने ती ओढून घेतली.

या मुलाबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. वीस-एकवीस वर्षांचा, वडिलांबरोबर औषधांच्या दुकानात बसतो. 'आई बरी आहे ना?' विचारलं तर नुसता हुंकार, तोही आपल्याकडे न बघता. बोलताना तो अडखळतो हे मला माहीत होतं. त्याची आजी त्याच्यासाठी हजिऱ्याहून तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला आणायची. (तो पाला गळा गोड व्हावा म्हणून गाणारे चघळतात, जीभ सुटावी म्हणून नाही. पण आजीला कोण सांगणार!) माहीत असूनही त्याचं गप्प बसणं मी शिष्टपणाच्याच खात्यात टाकत आले. बाकीच्या बायका तर 'जरा मंदच आहे तो' म्हणायच्या.

तो गायला. काळी दोनच्या पट्टीत, डोळे मिटून, जवळजवळ दहा मिनिटं. एक अक्षरही अडलं नाही. अडखळणारी पुष्कळ माणसं गाताना अडखळत नाहीत हे मी वाचलं होतं. शब्द आधीच ठरलेले असतात, कुठलं अक्षर किती लांबवायचं ते चाल सांगते, श्वास सलग चालतो, शिवाय समोरचा माणूस उत्तराची वाट बघत नसतो. पण वाचणं वेगळं आणि तीन हातांवर बसून ऐकणं वेगळं. आरती होईपर्यंत बायकांचं मत फिरलं होतं. 'किती गोड मुलगा आहे गं!' 'मनाने निर्मळ असणार.'

मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. काल मंद, आज निर्मळ. मधे त्याने केलं काय, तर एक भजन म्हटलं. नसता गळा त्याला, तर?

निघताना कोपऱ्यावरचे आजोबा थांबले. पेटीवर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या बाबांसारखा मोकळ्या मनाचा माणूस पाहिला नाही. काय तो आकार!" मी "हो ना" म्हटलं आणि त्यांच्या हातावर सुंठवडा ठेवला.

आकार, म्हणजे 'आ'कारात लावलेला सूर, मोकळा होता, खरंच. ग्वाल्हेरचं गाणंच तसं, खुल्या आवाजाचं. आधी अस्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, सरळ मांडायचे, बंदिश कशी आहे ती पूर्ण दाखवायची, विस्तार नंतर. लपवाछपवी नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूसही असाच असणार. घरी बाबा आठ-आठ दिवस आईशी बोलत नसत. भाजीत मीठ कमी पडलं तरी अबोला. बैठकीत त्यांनी षड्ज लावला की आतल्या खोलीत आईच्या हातातली कामं थांबायची. लहानपणी मला वाटायचं, ती रागाने थांबते. ती ऐकत असायची. म्हणजे आजोबांची जी फसगत झाली ती आईचीही झाली, का आईला त्या आवाजात असं काही मिळत होतं जे एरवी मिळत नव्हतं? हे विचारायचं राहिलं.

लश्करात गाण्यावरून माणूस जोखायची सवय जुनी आहे. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव पंडित यांनी १९१४ साली इथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, १९१८ मध्ये संगीतशास्त्री भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. माझ्या लहानपणी 'कुणाचे?' या प्रश्नाला वडिलांचं नाव सांगितलं तरी चाले, गुरूचं सांगितलं तरी चाले. गुरू चांगला असला की उधारीसुद्धा मिळायची.

ऑक्सफर्डच्या संशोधकांचा २०१५ सालचा एक अभ्यास मध्यंतरी वाचला होता. गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या नव्या वर्गांतल्या लोकांना त्यांनी सात महिने विचारत ठेवलं, की वर्गातली माणसं किती जवळची वाटतात. गाणारे सुरुवातीलाच झटकन जवळ आले. सात महिन्यांनी बघितलं तर इतर वर्गवालेही तेवढेच जवळ आलेले. भजनी मंडळात मी हे अनुभवलंय. पहिल्या महिन्यात आडनावंही ठाऊक नव्हती, तरी एका श्वासात ध्रुवपद उचलायचो आणि वाटायचं, या माझ्या सख्ख्या बहिणी. पुढे वर्गणीवरून कोण कशी आहे ते कळलंच. तरी मंगळवारी जातेच.

दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा

मुलगा प्रसादाचं ताट परत द्यायला आला होता. दारातच म्हणाला, "का... का..." आणि मी लगेच "काकू, ये ना आत" म्हणून त्याचा शब्द उचलला. काल रात्री एवढं लिहूनही! त्याचा चेहरा पडला. मग मी तोंड मिटून उभी राहिले. त्याला काहीतरी सांगायचं होतं. ओठ मिटायचे, मान झटका घ्यायची, पुन्हा पहिल्यापासून. गॅसवर दूध होतं, तरी हलले नाही. वाटलं, बाबांच्या पेटीबद्दल काही छान बोलणार, किंवा आपल्याला गाऊ दिलं म्हणून आभार मानणार.

शेवटी वाक्य पूर्ण झालं.

"काकू, काल दुसऱ्या अभंगात तुम्ही अंतऱ्याला बेसूर झालात."

दूध उतू गेलं ते गेलंच.