नव्वदाव्या पानाच्या आसपास

"प्रोग्रामिंग शिकायचंय, सुरुवातीला कोणतं पुस्तक घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्यांत कॉलेजात जाणारी मुलं असतात, दिवसभर हिशेबाचं काम करणारे असतात, निवृत्त झालेले शिक्षकही असतात. पूर्वी मी एका पुस्तकाचं नाव सांगून मोकळी व्हायचे. काही महिन्यांनी तीच व्यक्ती पुन्हा विचारायची, "ते जमलं नाही, दुसरं एखादं सांगता का?" मग मी दुसरं सांगायचे. असं चार-पाच जणांच्या बाबतीत झाल्यावर एकीला विचारलं, "पहिलं पुस्तक कितव्या पानावर सोडलंत?" ती म्हणाली, "नव्वदच्या आसपास." आणखी एकाला विचारलं, त्याचंही थोड्याफार फरकाने तेच. तेव्हापासून मला पुस्तकाच्या नावापेक्षा त्या पानाबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. पण तुम्ही विचारलंत ते खरेदीबद्दल, म्हणून आधी तेच सांगते.

माझं पहिलं पुस्तक सी भाषेचं होतं, कोणीतरी वापरून झाल्यावर दिलेलं. त्यातल्या पहिल्याच प्रोग्रामच्या वरच्या ओळीत 'कोनिओ डॉट एच' नावाची फाइल मागितली होती. माझ्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली होती आणि त्यातला जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा) म्हणायचा, अशी फाइलच नाही. दोन दिवस मी तो सात ओळींचा प्रोग्राम पुन्हा पुन्हा टाइप केला. माझंच काहीतरी चुकत असणार अशी माझी पक्की समजूत होती. पुढे कळलं की ती फाइल प्रमाणित सी भाषेचा भागच नाही. डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या कंपायलरांसोबत ती मिळायची आणि पुस्तक त्या काळात लिहिलेलं होतं. ते दोन दिवस आठवले की अजून वाईट वाटतं, कारण तेव्हा मी प्रोग्रामिंग सोडण्याच्या अगदी काठावर होते, आणि तेही प्रोग्रामिंगशी काही संबंध नसलेल्या कारणासाठी.

म्हणून मुखपृष्ठ उलटून त्यामागचं बारीक अक्षरांचं पान वाचा. तिथे आवृत्तीचं वर्ष असतं आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष वेगळं असतं. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. अलीकडचं वर्ष दिसलं म्हणून मजकूर अलीकडचा, असं धरून चालू नका. आवृत्ती कधीची आणि भाषेच्या कितव्या रूपासाठी लिहिली आहे, हे पाहा. पायथन या भाषेचं उदाहरण घ्या. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला. मधली अकरा वर्षं दोन्ही शेजारी शेजारी नांदत होती, त्यामुळे पायथन २ ची पुस्तकं अजूनही कपाटांतून आणि वाचनालयांतून भेटतात. त्यात 'प्रिंट' या पडद्यावर छापायच्या आज्ञेनंतर कंस नसतात. आजच्या पायथनमध्ये तसं लिहिलं की लगेच एरर येते, ते एक वेळ परवडलं. पण ५ भागिले २ केलं तर जुन्या पायथनमध्ये उत्तर २ येतं आणि नव्यात २.५. इथे एरर येत नाही. पुस्तक एक सांगतं, पडद्यावर दुसरंच दिसतं आणि शिकणारा स्वतःवर शंका घेत बसतो. जावास्क्रिप्ट या भाषेच्या पुस्तकात 'लेट' आणि 'कॉन्स्ट' हे शब्द कुठेच दिसले नाहीत, सगळीकडे फक्त 'व्हार' असेल, तर मजकूर त्या भाषेच्या २०१५ च्या प्रमाणित रूपाआधीचा आहे असं समजा.

दुसरं, प्रस्तावना वाचा. दुकानात ती कोणी वाचत नाही, पण पुस्तक कोणासाठी आहे ते लेखकाने प्रामाणिकपणे तिथेच सांगितलेलं असतं. कर्निघन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' हे १९७८ चं पुस्तक पाहा. 'हॅलो, वर्ल्ड' छापणारा पहिला प्रोग्राम जगभर पोचला तो मुख्यतः त्याच्यामुळे. नवशिक्यांना ते आजही आवर्जून सुचवलं जातं. त्याच्या प्रस्तावनेत मात्र लेखकांनी स्पष्ट म्हटलंय की हे प्रोग्रामिंगचं प्राथमिक पुस्तक नाही, वाचकाला व्हेरिएबल (किंमत साठवून ठेवणारं नाव), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) या गोष्टींची थोडी ओळख आहे असं त्यांनी गृहीत धरलंय. नवशिकाही वाचू शकेल, पण शेजारी जाणकार असेल तर बरं, असंही ते म्हणतात. पुस्तक फार सुंदर आहे. मी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी मला ते समजलं, कारण तोवर मी दुसरीकडून सुरुवात करून आले होते.

तिसरं म्हणजे पुस्तक मधोमध उघडा. पहिलं प्रकरण सगळ्यांचंच गोड असतं. मधल्या एखाद्या प्रोग्रामच्या खाली तो चालवल्यावर काय दिसतं ते छापलंय का? प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय आहेत का, आणि त्यातल्या काहींची तरी उत्तरं कुठे मिळतात का? माझी एक अट तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल. प्रोग्राम चुकल्यावर पडद्यावर येणारा एररचा एकही संदेश ज्या पुस्तकात छापून समजावलेला नाही, ते मी नवशिक्याच्या हातात देत नाही. शिकणाऱ्याचा निम्मा वेळ एररसमोर जाणार आहे. त्या वेळात जे पुस्तक त्याच्याबरोबर बसत नाही, ते त्याचं नाही.

भाषा कोणती, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी तिथे वेळ घालवत नाही. अभ्यासक्रमात सी असेल तर सी घ्या, वेब पानं बनवायची असतील तर जावास्क्रिप्ट, आणि काहीच ठरलं नसेल तर पायथन. एक भाषा, एक पुस्तक.

कागदी घ्यावं की ई-पुस्तक? दोन्ही चालतात. फक्त ई-पुस्तकातून कोड उचलून चिकटवू नका. छपाईसाठी अवतरणचिन्हं वाकडी, शोभिवंत केलेली असतात आणि पायथनला सरळच चिन्हं लागतात. डोळ्यांना फरक जाणवतही नाही, पण प्रोग्राम अडतो. कागदी पुस्तकात पान संपताना कोडचा तुकडा तुटला असेल तर पुढच्या पानावरची पहिली ओळ डावीकडून किती आत आहे, हे नीट पाहा. पायथनमध्ये त्या मोकळ्या जागेला अर्थ असतो.

पुस्तक घरी आलं की पहिल्या दिवशी एकच करा. पहिला प्रोग्राम हाताने टाइप करा, चालवा आणि मग तो मुद्दाम मोडा. एक कंस काढून पाहा, अवतरणचिन्ह काढून पाहा, शब्दाचं स्पेलिंग चुकवा. प्रत्येक वेळी कोणती एरर येते ते वाचा. पायथनची एरर लांबलचक असली तरी शेवटच्या ओळीपासून वाचायला लागा. काय बिघडलं ते तिथे असतं आणि कुठे बिघडलं ते त्याच्या वरच्या ओळींत. स्वतः केलेल्या चुकीची एरर ओळखीची झाली की पुढे तीच अवचित भेटल्यावर छातीत धस्स होत नाही. दुसरी सवय, 'रन' करण्याआधी काय छापलं जाईल ते समासात पेन्सिलीने लिहा. पायथनमध्ये ओळीने संख्या देणाऱ्या 'रेंज'ला १ आणि १० दिले तर १ ते १० छापेल असं तुम्ही लिहाल, आणि पडद्यावर ९ पर्यंतच येईल. अंदाज लिहिलेला असेल तरच हा फरक टोचतो. नुसतं वाचत गेलात तर नजर त्यावरून घसरून जाते.

आता नव्वदावं पान.

तोवरच्या प्रकरणांत व्हेरिएबल झालेले असतात, 'इफ' (अट तपासणं) झालेलं असतं, लूप झालेलं असतं. प्रत्येक गोष्टीचा तयार प्रोग्राम पुस्तकात होता, तुम्ही तो टाइप केला, तो चालला. मग एक साधा दिसणारा स्वाध्याय येतो: वापरणाऱ्याकडून एकामागून एक संख्या घ्या, त्याने ० दिला की थांबा आणि सरासरी सांगा. तयार प्रोग्राम नसतो. कोरा पडदा असतो. सगळं समजलेला माणूस तिथे बसतो आणि त्याला पहिली ओळही सुचत नाही. त्याला वाटतं, हे पुस्तक नीट समजावत नाही. तो दुसरं घेतो, त्यातली पहिली नव्वद पानं त्याला सोपी जातात (कारण ती त्याला येतातच), हुरूप येतो, आणि नव्वदाच्या आसपास पुन्हा तोच कोरा पडदा. माझ्या ओळखीत चार पुस्तकं अशी घेतलेली मुलगी आहे. तिला व्हेरिएबलची व्याख्या चार प्रकारे सांगता येत होती.

तिच्याबरोबर मी तो स्वाध्याय सोडवायला बसले. संगणक बंद ठेवला. मी म्हटलं, "मी संख्या सांगते, तू कागदावर सरासरी काढ. पण मी किती संख्या सांगणार ते तुला माहीत नाही." मी ४, ७, १० म्हटलं, मग ०. तिने २१ भागिले ३ करून ७ सांगितले. मी विचारलं, "मी सांगत असताना तू मनात काय काय धरून ठेवत होतीस?" ती थोडं थांबली. "आतापर्यंतची बेरीज. आणि किती झाल्या ते." म्हणजे दोन व्हेरिएबल. दोन्हींची सुरुवात कुठून? शून्यापासून. प्रत्येक संख्येनंतर काय बदलतं? बेरजेत ती संख्या मिळते आणि मोजणी एकाने वाढते. थांबायचं कधी? हे सगळं तिने मराठीत, एकाखाली एक पाच ओळींत लिहिलं. मग संगणक लावला.

पहिल्यांदा चालवल्यावर एरर आली. पायथनमध्ये 'इनपुट' जे देतं ते अक्षरांच्या रूपात असतं. ४ टाइप केले तरी ते ४ चं चिन्ह असतं, संख्या नसते, आणि बेरजेतल्या संख्येत अक्षर मिळवायला पायथन नकार देतं. (दोन्ही बाजूंना अक्षरंच असती तर ४ आणि ७ मिळून ४७ झाले असते.) 'इंट' वापरून तिने ते संख्येत बदललं. पुन्हा चालवलं, उत्तर ५.२५ आलं. एरर नव्हती, उत्तर चुकीचं होतं. तिने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक फेरीत बेरीज आणि मोजणी किती होते याचा तक्ता मांडला. मोजणी ४ पर्यंत गेली होती, कारण शेवटचा ० सुद्धा मोजला जात होता. ० आहे का ही तपासणी मोजणीच्या आधी घेतल्यावर ७ आले. मग मी आल्या आल्याच ० दिला. शून्याने भागाकार होत नाही, प्रोग्राम कोसळला. "पण असं कोण करेल?" ती म्हणाली. मी काही बोलले नाही. तिने पाच मिनिटांनी स्वतःच 'इफ' लावून "एकही संख्या दिली नाही" असं छापून घेतलं.

या सगळ्याला पाऊण तास लागला. पुस्तकात त्या स्वाध्यायाला दोन ओळी होत्या. पाऊण तासात जे झालं ते कोणत्याही लेखकाला तुमच्याऐवजी करता येत नाही, आणि चांगले लेखक तसा प्रयत्नही करत नाहीत. ते दोन ओळी लिहून बाजूला होतात. म्हणून त्या पानावर पोचलात की वेग अगदी कमी करा. आठवडाभरात तीन पानं पुढे सरकलात तरी हरकत नाही. मागे जाऊन तयार प्रोग्राम झाकून पुन्हा लिहा. उत्तर पाहावंच लागलं तर पाहा, पण पुस्तक मिटून दुसऱ्या दिवशी तेच कोऱ्या पडद्यावरून लिहा.

आणि खूप प्रयत्न करूनही छापल्याप्रमाणे कोड चालला नाही तर पुस्तकाचं शुद्धिपत्र शोधा. छापील कोडमध्येही चुका असतात. संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड क्नुथ यांच्यासारखा काटेकोर माणूस आपल्या पुस्तकांत चूक दाखवणाऱ्याला २००८ पर्यंत २.५६ डॉलरचा खरा धनादेश देत असे. दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलं की '१००' म्हणजे २५६, म्हणून २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायातला एक डॉलर, असं त्यांचं गणित. आणखी एक तपासा: पायथनसोबत मिळणाऱ्या रँडम या मॉड्यूलचा (तयार कोडच्या फाइलचा) सराव करताना फाइलला 'रँडम' हेच नाव दिलंय का? मग पायथन मूळ मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उघडतं आणि भलतीच एरर देतं. हे मी इतक्या जणांकडे पाहिलंय की आता एरर वाचण्याआधी फाइलचं नाव विचारते.

तर आता घ्या एखादं. वर्ष पाहून, प्रस्तावना वाचून, मधलं पान उघडून घ्या. मला मुखपृष्ठाचा फोटो पाठवून "हे बरोबर आहे ना?" असं विचारू नका. नव्वदाव्या पानाजवळ पोचलात आणि अडलात, की तुम्ही लिहिलेला कोड, एररची शेवटची ओळ आणि कागदावर मांडलेला तक्ता पाठवा. मी त्याच दिवशी उत्तर देईन.