पाणी उकळून प्या

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

पुण्यात गुलेन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराच्या संशयित रुग्णांची संख्या शंभराच्या पुढे गेल्याची बातमी आज पहिल्या पानावर आहे आणि तिच्याखालच्या चौकटीत नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही सिंहगड रस्त्यालगतच्या गावांची नावे ओळीने छापली आहेत. सिंहगड रस्त्याचे नाव एरवी वाहतूक कोंडीच्या बातमीत येते. या वेळी ते अतिदक्षता विभागाच्या बातमीत आले आहे. आठवड्यापूर्वी हाच आकडा वीस-पंचवीसच्या घरात होता. सोलापुरात दगावलेला संशयित रुग्ण पुण्यात राहणारा होता, केंद्र सरकारने तज्ज्ञांचे पथक पाठवले आहे, आणि सगळ्यांना एकच सूचना आहे : पाणी उकळून प्या.

गुलेन बॅरे सिंड्रोम हे नाव महिन्यापूर्वी आमच्या इमारतीत कोणी ऐकले नसेल. आता लिफ्टमध्येही ‘जीबीएस’ ही तीन अक्षरे ऐकू येतात. आजार मात्र नवा नाही. फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ साली त्याचे वर्णन केले होते, आणि जगभरात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण एक-दोघांना तो होतो. एका शहराच्या एका कोपऱ्यात काही दिवसांत इतके रुग्ण सापडणे, हे मात्र नवे आहे. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला आहे. दोन्ही दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातात. या जिवाणूच्या बाह्य आवरणाची ठेवण आपल्या मज्जातंतूंतील काही घटकांशी मिळतीजुळती असते, त्यामुळे जिवाणूशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. आधी जुलाब होतात, ते थांबतात, माणूस विसरूनही जातो, आणि मग एक ते तीन आठवड्यांनी पायांतली शक्ती जाऊ लागते आणि ती कमजोरी वर चढत जाते. छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचली, तर व्हेंटिलेटर.

मधल्या या एक ते तीन आठवड्यांचाच मी दिवसभर विचार करत होते. आज रुग्णालयात असलेल्या माणसाने जे पाणी प्यायले, ते केव्हाच मुठेला मिळून पुढे गेले. आज नळाखाली बाटली धरून घेतलेला नमुना आजच्या पाण्याबद्दल सांगेल. नववर्षाच्या सुमारास त्याच नळातून काय आले होते, हे तो कसे सांगणार? रोजची नोंद रोज ठेवली असेल, तरच मागे जाऊन पाहता येते. अशी नोंद कोण ठेवतो, ती कुठे मिळते, हे मी आज चार जाणत्या माणसांना विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते.

सासूबाईंच्या पायांना मुंग्या येणे हे आमच्या घरी कित्येक वर्षांचे आहे; मधुमेहाची देणगी. आज दुपारी त्यांनी तेच नेहमीचे वाक्य उच्चारले आणि माझा मुलगा हातातला घास टाकून उठला. त्याने त्यांना दोनदा खुर्चीतून उठवून बसवले, चवड्यांवर उभे राहायला लावले. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘अरे, मला मुंग्या येतात म्हणाले, मी काय मेले नाही अजून.’’ हसू आले, पण भीती अशी घराघरांत शिरते.

५ फेब्रुवारी, बुधवार

आकडा दीडशेच्या पुढे गेला आहे. चौथ्या मजल्यावरचा, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आला, ही आजची चांगली बातमी. त्याला ‘आयव्हीआयजी’ दिले. म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी केलेली प्रतिपिंडे. ती वजनाप्रमाणे द्यावी लागतात. साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत मिळून सुमारे १२० ग्रॅम लागतात, आणि दहा ग्रॅमच्या कुपीची किंमत वीस हजारांच्या आसपास जाते. नुसत्या औषधाचेच दोन-अडीच लाख. उपमुख्यमंत्र्यांनी पुणे महापालिकेच्या कमला नेहरू, पिंपरी-चिंचवडच्या वायसीएम आणि ग्रामीण रुग्णांसाठी ससून रुग्णालयात मोफत उपचार जाहीर केले, ते योग्यच झाले. परंतु या घोषणेआधीच ज्यांनी दागिने गहाण ठेवून खासगी रुग्णालयात पैसे भरले, त्यांच्या हिशेबात तिची नोंद होत नाही.

त्या मुलाची आई काल लिफ्टमध्ये शिरली, तेव्हा आतल्या एक बाई नाकाला पदर लावून बाहेर पडल्या. जीबीएस माणसाकडून माणसाला होत नाही, हे प्रत्येक वर्तमानपत्राने छापले आहे, प्रत्येक डॉक्टर सांगत आहे, आणि त्या बाई पदवीधर आहेत. करोनाच्या काळात अंगवळणी पडलेले अंतर अजून आमच्या अंगातून गेलेले नाही, एवढेच मी म्हणेन. माझ्याच्याने राहवले नाही म्हणून मी संध्याकाळी डबा घेऊन चौथ्या मजल्यावर गेले. बराच वेळ आम्ही पाण्याविषयी काहीच बोललो नाही. ती मुलाच्या हुकलेल्या परीक्षेविषयी बोलत राहिली.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी किरकटवाडीला राहतात. ‘‘पाणी उकळता ना मावशी?’’ असे मी सकाळी विचारले, तर त्यांनी भांडे घासता घासता मला हिशेब ऐकवला. घरात सहा माणसे, पिण्याचे पाणी दिवसाला दोन मोठी पातेली, आठशे रुपयांचा सिलिंडर एरवी दीड महिना पुरतो, तो आता महिना काढेल की नाही याची खात्री नाही. ‘‘उकळते वहिनी, पण पोरांचंच. आम्ही दोघं आपलं तसंच पितो.’’ त्यावर मी काय बोलणार होते?

‘पाणी उकळून प्या’ ही सूचना वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक आहे. खळखळून उकळी आली, की हा जिवाणू मरतो. पण तिचे दुसरे अंगही पाहायला हवे. पाणी शुद्ध करण्याचे काम जलशुद्धीकरण केंद्राचे. ते या सूचनेसरशी प्रत्येक घराच्या ओट्यावर येऊन पडते, आणि ओट्यावर म्हणजे बहुतेक घरांत बाईवर. पहाटेचे अर्धा तास आधी उठणे, निवायला ठेवलेल्या पातेल्यांनी अडलेला कट्टा, गॅसचा वाढीव खर्च, हे कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. साथीच्या चार दिवसांपुरते ते समजून घेता येते. या गावांत मात्र ते वर्षानुवर्षे चालले आहे.

नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी, सणसनगर ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्या वेळी एकूण २३ गावे घेतली गेली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे आली होती, त्यांत धायरी होती. मालमत्ता कर शहराचा लागू झाला, इमारती शहराच्या उभ्या राहिल्या, पाणी मात्र गावाचेच राहिले. नांदेडच्या मोठ्या विहिरीत खडकवासला धरणाचे पाणी येते आणि तेथून ते जवळपासच्या गावांना जाते. गाळण्याची यंत्रणा नाही, केवळ क्लोरीन टाकून. धरण डोळ्यांसमोर आहे, त्याच धरणाचे पाणी पर्वतीच्या केंद्रात शुद्ध होऊन शहराच्या पेठांत पोहोचते, आणि धरणाच्या पायथ्याच्या गावांना ते शुद्ध न होता मिळते, हे पटवून देणे अवघड आहे. जाब विचारावा तर कोणाला, हाही प्रश्न आहेच. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक आहेत. नगरसेवकाला शिव्या देण्याची सोयसुद्धा उरलेली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

रुग्ण दोनशेच्या पुढे गेले, बळींचा आकडा दोन अंकी झाला. नव्या रुग्णांची संख्या मात्र उतरू लागली आहे. बातमी पहिल्या पानावरून आत गेली. चिकनच्या दुकानांसमोर पुन्हा गिऱ्हाईक दिसू लागले. मधले काही दिवस सगळा दोष कोंबडीवर होता. अर्धवट शिजलेल्या चिकनमधून हा जिवाणू पोटात जाऊ शकतो हे खरेच आहे, पण कोंबडीवर बोट ठेवले की पाण्याचा विषय मागे पडतो, आणि ते बऱ्याच जणांच्या सोयीचे असते. सिंहगड रस्ता परिसरातले तीसच्या आसपास खासगी जलशुद्धीकरण प्रकल्प महापालिकेने पाणी योग्य नसल्यावरून बंद केले. नळाच्या पाण्यावर विश्वास नाही म्हणून लोक पैसे मोजून ज्या ठिकाणाहून जार आणत होते, तीच ही ठिकाणे.

परवा आमच्या इमारतीत पाणी तपासायला एक तरुण आला होता. ग्रामपंचायतीच्या काळापासून या भागात पाण्यातला क्लोरीन पाहण्याच्या ज्या चाचणीला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात ती त्याने आमच्यासमोर केली. छोट्या काचनळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात औषधाचे काही थेंब, नळी हलवून पांढऱ्या कागदासमोर धरायची. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. जितके गडद, तितके जास्त. रस्त्यावरच्या जोडणीचे पाणी फिकट पिवळे झाले. आमच्या जमिनीखालच्या टाकीतले जेमतेम रंगले. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी तसेच्या तसे, पांढरे स्वच्छ. पाहायला सर्वांत सुंदर तेच होते. ‘‘काकू, शून्य,’’ तो म्हणाला. नळाच्या टोकाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असा नियम आहे. मग त्याने टाकीचे झाकण आणि ड्रेनेजचे चेंबर यांच्यातले अंतर पायाने मोजून दाखवले. दोन पावले.

म्हणून आज सोसायटीची सभा झाली. प्रशासनाला आम्ही सगळ्यांनी एकमुखाने दोषी ठरवले. त्याला पाच मिनिटे लागली. टाकी धुण्याचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, यावर मात्र सव्वा तास गेला. भाड्याने राहणाऱ्यांनी वर्गणी द्यायची की मालकांनी, यावर दोन गट पडले. तळमजल्यावरचे दुकानदार म्हणाले, आम्ही जारचेच पाणी पितो, आमचा संबंध काय? शेवटी दर तीन महिन्यांनी टाक्या धुणे, चेंबर हलवण्यासाठी दरपत्रके मागवणे आणि ओटी टेस्टचा संच विकत घेणे, हे तीन ठराव झाले. संचाची किंमत सभेतल्या चहा-वड्यापेक्षा फार नव्हती. चाचणी करून वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी ते आनंदाने घेतले आहे.

महापालिकेला द्यायचा अर्जही मीच लिहिला. त्यात टँकर मागितला नाही, चौकशी समिती मागितली नाही. नांदेडच्या विहिरीत रोज किती क्लोरीन टाकला जातो, वाटेत कोणत्या ठिकाणी तपासला जातो आणि शेवटच्या नळाला किती उरतो, हे आकडे तारखेनिशी दररोज फलकावर लावावेत, आणि शुद्धीकरण केंद्राचे काम कोणत्या महिन्यात सुरू होणार ते लेखी कळवावे, एवढेच मागितले आहे. मावशींनी किरकटवाडीतल्या अकरा बायकांच्या सह्या आणून दिल्या. आमच्या इमारतीतल्या सह्या अजून गोळा व्हायच्या आहेत.