जीन्समधला ज

नावावरून आमच्याकडे भांडण झालंच नाही. बाळंतपणाला मी जर्मनीतून, स्टुटगार्टहून नाशिकला माहेरी आले होते, आईच्या अंगणात जुईचा वेल, मुलगी झाली, जुई ठरलं. बारशाला वन्संनी कानात कुर्रर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले, विषय संपला. पेटलं ते इंग्रजी स्पेलिंगवरून.

आपल्याकडे जन्माची नोंद नावाशिवाय करता येते आणि नाव नंतर वर्षभरात बिनाशुल्क घालता येतं. म्हणजे डोकं खायला सगळ्यांना भरपूर वेळ. नवरा म्हणाला, जे-यू-आय, सरळ. वन्सं म्हणाल्या, शेवटी डबल ई हवा, नाहीतर अमेरिकेत 'जुआय' वाचतील. (आम्ही अमेरिकेत राहत नाही, पण असो.) अंकशास्त्रवाल्या मामांनी आकडेमोड करून यू काढला आणि डबल ओ घातला.

मग मी तिन्ही जर्मनमध्ये वाचून बघितली. तिकडे जे म्हणजे य. डबल ई म्हणजे लांब ए, डबल ओ म्हणजे लांब ओ. वन्संची भाची झाली युए, मामांची नात योई. साधं जे-यू-आय लिहिलं तर युई, आणि ते जुळतं थेट 'प्फुई'शी. प्फुई म्हणजे छी! बागेत कुत्र्यानं भलतंच काही तोंडात धरलं की मालक हेच ओरडतात. खरा ज हवा असेल तर जर्मन माणूस डी-एस-सी-एच अशी चार अक्षरं खर्च करतो. आपलं जंगलसुद्धा तो तसंच लिहितो. तसं केलं असतं तर दोन अक्षरांच्या पोरीला सहा अक्षरं, आणि कॉलेज रोडवर कोणीतरी नक्की 'डस्चुई' वाचलं असतं.

बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, नाशिकमध्ये एच घालायचा की नाही यात आमचा जन्म गेला. तुम्ही पोरीचं काय घेऊन बसलात!"

निकाल लावला काकांनी. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, आणि देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका तिथेच छापतात, त्यामुळे या बाबतीत त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. "दाखल्यावर लिहाल तेच पासपोर्टवर येणार. पुढे एक अक्षर बदलायचं तरी ॲफिडेव्हिट आणि हेलपाटे. कमीत कमी अक्षरं ठेवा." जे-यू-आय झालं.

मराठीत तरी प्रश्न नाही असं वाटलं होतं. आईनं भांडी बाजारात वाटीवर नाव घालायला दिलं, तर त्यानं टिकल्या-टिकल्यांनी सुबक 'जूई' कोरून दिलं. आई म्हणाली, राहू दे, दूध काही सांडत नाही दीर्घातून.

परवा इथे स्टुटगार्टला लसीसाठी गेलो तर नर्सनं बाहेर येऊन "युई!" अशी हाक मारली. मी उठले आणि नेहमीचं सांगितलं, जीन्समधला ज. ती दोनदा पुटपुटली, "जुई, जुई", आणि कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवलं: डी-एस-सी-एच-यू-आय.