अकरा बेडूक, दोन जोड हातमोजे

कॅम्पात सकाळी उठून माझं पहिलं काम कचरा निपटायचं. रात्रीच्या बेडूक-मोजणीत वापरलेले हातमोजे आणि पिशव्या ब्लीचच्या बादलीत बुडवायच्या, निथळून गोणीत भरायच्या. एक बेडूक, एक नवी पिशवी, हातमोज्यांचा एक नवा जोड, असा आमचा नियम. बेडकांच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी आहे. १९९९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. बेडूक कातडीतूनच पाणी आणि क्षार घेतो. बुरशीने कातडी निकामी झाली की क्षारांचा तोल ढळतो आणि शेवटी हृदय बंद पडतं. ही बुरशी आपल्याच बोटांनी एकाकडून दुसऱ्याकडे जायला नको, म्हणून एवढा उपद्व्याप.

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन उतारावरच्या सखल वर्षावनात संवर्धनाच्या इंटर्नशिपला मुलं येतात, त्यांची मी फील्ड को-ऑर्डिनेटर. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात बूट उलटे करून झटकलेत का, रेडिओ चार्ज झालाय का, कुणाच्या पायाची बोटं ओल्या मोज्यांत कुजायला लागलीत का, हे बघण्यात दिवस जातो.

त्या दिवशी बादलीत हातमोज्यांचे दोनच जोड होते. जेवणघरातल्या फळ्यावर मात्र मोजणीला गेलेल्या दोघांच्या नावापुढे रात्रीच अकराचा आकडा चढला होता.

फळा मीच लावलेला. मुलांच्या कोणत्या जोडीने किती बेडूक पाहिले याचा धावफलक. पहिल्या आठवड्यात मुलं मरगळली होती, म्हणून काढलेली युक्ती. आणि ती चालली! मुलं रात्री हिरिरीने बाहेर पडायला लागली आणि मी स्वतःवर खूश झाले.

मी डेटा शीट मागवलं. पावसात न भिजणारा कागद, पेन्सिलीने भरलेला. आमचा ट्रान्सेक्ट, म्हणजे मोजणीची ठरलेली वाट, शंभर मीटरचा, दर दहा मीटरला झेंडी. पहिल्या चार झेंड्यांपर्यंतच्या दोन नोंदी खऱ्या होत्या, हे बघताक्षणी कळत होतं. अक्षर तिरकं, कडेला चिखलाचा अंगठा, बेडकाची लांबी २३.४ मिलिमीटर, बसला होता त्या पानाची उंची ८७ सेंटिमीटर. पुढच्या नऊ नोंदी सुवाच्य. उंची ५०, १००, १५०, पुन्हा १००. लांबी २५, ३०, ३०. व्हर्नियर हातात असताना कुठलाही बेडूक असा गोळाबेरीज मापाचा निघत नाही. शीटवरच्या वेळाही दर पाच मिनिटांना एक बेडूक अशा, जणू बेडूक वेळापत्रकाने बसले होते.

नोंदी भरणाऱ्या मुलाला ओढ्याकडे घेऊन गेले. चारचौघांत विचारायची ही गोष्ट नव्हती. "काल पाचव्या झेंडीला काय झालं?" एवढंच विचारलं.

तो बराच वेळ बुटाने दगड टोकरत राहिला. मग म्हणाला, "साप होता."

चाळिसाव्या मीटरच्या पुढे वाटेवरच वेटोळं घालून बसलेला तेर्सिओपेलो. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ मखमल. पालापाचोळ्यात पडला की नजरेला सापडत नाही, आणि इथल्या सर्पदंशांत सर्वांत मोठा वाटा याचाच. हेडलॅम्पच्या उजेडात जोडीदारणीला तो दिसला, ते दोघं पावलापावलाने मागे सरकले, अर्धा तास एका जागी थांबले. साप हलेना. मग परत फिरले.

म्हणजे दोघांनी अगदी बरोबर केलं होतं! वाटेवर विषारी साप असेल तर काम थांबवायचं, रेडिओवर कळवायचं आणि परत यायचं, हे मीच पहिल्या दिवशी घोकून घेतलेलं. यांनी फक्त कळवलं नाही.

"मग लिहिलं का नाहीस?"

"दोनच बेडूक म्हणजे फळ्यावर आम्ही शेवटचे असतो. आणि घाबरून परत आलो असंही झालं असतं."

यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. रागवायचं ठरवून गेले होते, आणि अर्धा राग उलटून माझ्याच अंगावर आला.

तरी बोलले. ला सेल्व्हा संशोधन केंद्रातल्या ३५ वर्षांच्या नोंदी एकत्र करून २००७ मध्ये मांडल्या गेल्या, तेव्हा पालापाचोळ्यात राहणारे बेडूक साधारण ७५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तेही संरक्षित जंगलात. त्या काळात कुणी शंभर मीटर न चालता नऊ बेडूक लिहिले असते, तर ही घट तेवढी झाकली गेली असती. कोस्टा रिकातल्याच माँतेव्हेर्देच्या सोनेरी भेकांचंही सांगितलं. १९८७ साली दीड हजारांवर मोजलेले, १९८८ ला बोटांवर मोजण्याइतके, १९८९ ला एकच नर, आणि त्यानंतर एकही नाही. २००४ मध्ये ती जात नामशेष जाहीर झाली. काहीच दिसत नसताना जाऊन बघणारे होते, म्हणून हे कळलं.

त्याने ऐकलं. डोळे भरले होते, पण रडला नाही. ही एकच रात्र खोटी, बाकीच्या आठ रात्री खऱ्या, असं शपथेवर सांगितलं. माझा विश्वास बसला. आमच्या प्रमुख शास्त्रज्ञांचा बसला नाही. म्हणजे त्यांच्या दृष्टीने विश्वासाचा प्रश्नच नव्हता. ते म्हणाले, आधीच्या रात्रींचे हातमोजे कुणी मोजून लिहून ठेवलेत का? नव्हते ठेवले. मग नऊच्या नऊ शीटांवर 'संशयित' लिहा, विश्लेषणातून बाजूला काढा. मी तासभर भांडले. त्या बिचाऱ्या जोडीदारणीच्या नऊ रात्रीही त्यात वाहून गेल्या. मला ते फार निष्ठुर वाटलं, अजूनही थोडं वाटतं. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शीट फाडायचं नाही, खोडरबर लावायचा नाही. एक आडवी रेघ, बाजूला कारण, तारीख, सही. नऊ वेळा मी ते केलं.

फळा मात्र लगेच पुसला.

त्याच रात्री त्या दोघांबरोबर मी गेले. साप गेलेला होता. सहा झेंड्या झाल्या तरी एक बेडूक नाही. मुलगा रकाने मोकळे सोडत चालला होता.

"शून्य लिही."

"मोकळं ठेवलं तरी तेच ना?"

"मोकळं म्हणजे बघितलंच नाही. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं."

सातव्या झेंडीला ओढ्यावर झुकलेलं एक पान मी खालून दाखवलं. पानाच्या पाठीला जेलीसारखा अंड्यांचा पुंजका, प्रत्येक अंड्यात वळवळता ठिपका, आणि शेजारी नखाएवढ्या अंगाचा काचबेडूक. पोटाची कातडी इतकी पारदर्शक की टपटपणारं हृदय दिसत होतं. नर होता, अंडी राखत बसलेला. मुलाचा हात सवयीने हातमोज्यांकडे गेला. मी म्हटलं, याला पकडायचं नाही. हा उठला तर अंडी सुकतील, नाहीतर कुणीतरी खाईल. लांबून बघायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं.

तेव्हापासून मी बादलीतले जोड मोजून वहीत लिहायला लागले. पाचव्या सकाळी त्याच जोडीच्या शीटवर तीन बेडूक होते, बादलीत हातमोज्यांचे दोन जोड. माझ्या पोटात गोळा आला. बादली पुन्हा ढवळून बघितली. दोनच. ब्लीचने ओल्या हातांनीच शीट उलगडून शेवटचा रकाना गाठला. पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'नववी झेंडी, पानाच्या खाली, अंड्यांशेजारी नर. हात लावला नाही.'